षड्जाचा रंग कोणता?

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा प्रमुख होता. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत उतरले आणि कुटुंब इथलंच झालं. राज्याचा जमाखर्च सांभाळणाऱ्या या माणसाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. देहात नाद कसा उपजतो इथपासून ते नृत्यापर्यंतचा हा सात अध्यायांचा ग्रंथ. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा त्याला आपला मानतात.

पहिल्याच अध्यायात शार्ङ्गदेव सात स्वरांची ओळख करून देतो. त्यांचे ऋषी, देवता, छंद, त्यांची बेटंसुद्धा सांगतो, आणि त्याच ओघात रंगही सांगून टाकतो. षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पिंजर म्हणजे तांबूस पिवळा, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद कबरा, अनेक रंगांचा. ही यादी त्याची एकट्याची नाही. त्याच्या आधीच्या ‘नारदीय शिक्षे’त जवळजवळ हीच यादी आहे. असं का, याचं कारण दोघंही देत नाहीत. पंचम काळाच का? ज्या पंचमाला कोकिळेचा स्वर म्हणतात तो कोकिळेच्या अंगाच्या रंगाचा, असं मनात येतं खरं. पण मग षड्ज मोराचा असूनही मोरपंखी का नाही, याचं उत्तर मिळत नाही.

हा ग्रंथ सातशे वर्षांनी कुठे पोचला ते पाहण्यासारखं आहे. ऑलिव्हिए मेसियाँ हा फ्रेंच संगीतकार. पॅरिसच्या एका संगीत-विश्वकोशात त्याला शार्ङ्गदेवाच्या 120 देशी तालांचा तक्ता सापडला आणि तो त्याने आयुष्यभर सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती पडला आणि गोर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. 15 जानेवारी 1941 रोजी, कडाक्याच्या थंडीत, त्याने आणि आणखी तीन कैद्यांनी तिथे एक नवी रचना वाजवली. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि पियानो यांची ही रचना ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ या नावाने ओळखली जाते. तिच्या पहिल्या भागात पियानो 17 मात्राखंडांचा एक आकृतिबंध पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तो तीन देशी तालांना जोडून केलेला आहे: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. यादवांच्या राजधानीत नोंदलेले ताल नाझी छावणीत वाजले. आमच्याकडे देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा, किल्ला चढताना ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हाच मेसियाँ रंग ऐकणारा होता. विसाव्या शतकातल्या संगीतकारांपैकी आपल्या रंगांबद्दल इतकं तपशीलवार कुणी लिहून ठेवलेलं नाही. सूर कानावर पडला की त्याच्या मनात रंग उभे राहत. चर्मचक्षूंना ते दिसत नाहीत, आत दिसतात, असं तो स्पष्ट सांगत असे. मेंदूच्या या ठेवणीला सिनेस्थेशिया म्हणतात: एका इंद्रियाला चेतवलं की दुसऱ्याचा अनुभवही आपोआप, न मागता येतो. मेसियाँचे रंग एकेकट्या स्वराचे नव्हते. ते स्वरांच्या जुडग्यांचे होते. एक जुडगं निळसर जांभळं, दुसरं सोनेरी आणि तपकिरी, अशा एकेका रंगसंगतीची तो वर्णनं करी. तेच जुडगं एक सप्तक वर नेलं की रंग तोच राही पण फिकट होई. खाली आणलं की गडद. मात्र अर्ध्या स्वराने जरी सरकवलं तरी रंग पार बदलून जाई.

इथेच शार्ङ्गदेवाची वाट वेगळी होते. आपल्याकडे षड्ज म्हणजे ठरावीक उंचीचा सूर नव्हेच. गायक आपल्या गळ्याला मानवेल तिथे सा धरतो. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास, बायका काळी चार-पाचला. बाकीचे सहा स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने ठरतात. म्हणजे शार्ङ्गदेवाने रंग दिला आहे तो नात्याला. मेसियाँचा रंग उंचीला चिकटलेला आहे. मेसियाँने ताल शार्ङ्गदेवाच्या ग्रंथातून घेतले, पण रंगाच्या बाबतीत दोघांमध्ये मूलभूत अंतर आहे. ध्वनी आणि रंग यांवर चित्र, मांडणीशिल्प किंवा प्रकाशप्रयोग करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे अंतर आधी समजून घ्यावं, असं मला वाटतं. कारण हल्ली त्या सगळ्यांना एक सोपा रस्ता सापडलेला असतो.

तो रस्ता आकडेमोडीचा आहे. सूर म्हणजे कंपनं, प्रकाश म्हणजेही कंपनं. मग सुराच्या वारंवारतेची दुप्पट करत जायची, प्रकाशाच्या हद्दीत पोचेपर्यंत. काळी एकचा सूर सेकंदाला सुमारे 277 कंपनांचा. त्याची 41 वेळा दुप्पट केली की निळसर हिरवा रंग हाती येतो. काळी पाच, 233 कंपनं; तितक्याच वेळा दुप्पट केली की पिवळा. पांढरी चार, 349; ती जांभळ्याच्या पार कडेला जाऊन पडते, डोळ्याला जेमतेम दिसेल अशी. गणित बिनचूक आहे. अशी गणितं करून देणारी मोबाइल अ‍ॅप आहेत, आणि त्यांवर आधारलेले प्रकल्प प्रदर्शनांत लागतात.

पण या हिशेबाने एकाच बैठकीतला यमन एका गायिकेचा पिवळा निघेल आणि तिच्यामागून गाणाऱ्या गायकाचा हिरवट निळा. ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी याचा काही संबंध नाही. भौतिकशास्त्राच्या बाजूनेही ही सोयरीक जुळत नाही. ध्वनी हे हवेच्या दाबातले चढउतार, प्रकाश विद्युतचुंबकीय लहर. कानाचा पल्ला 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा सप्तकांचा. डोळ्याला एक सप्तकही धड पुरं दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र पडद्यावर टाकला की डोळ्याला पिवळा दिसतो, त्यातला लाल-हिरवा वेगळा काढता येत नाही. सा आणि प एकत्र छेडले तर त्यांचा मधला मध्यम ऐकू येत नाही. सा ऐकू येतो, प ऐकू येतो, आणि दोघांचं जमलेलं ऐकू येतं. डोळा मिसळतो, कान वेगळं ठेवतो. वारंवारता दुप्पट करण्याच्या सूत्रातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

या सूत्राच्या मोहात फार मोठी माणसं पडली आहेत. न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये वर्णपटाचे सात रंग केले ते सप्तकातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून, आधी त्याच्या मोजणीत पाचच होते, नारिंगी आणि पारवा मागून आले. आज शाळेतलं प्रत्येक मूल ‘तानापिहिनिपाजा’ पाठ करतं, त्यातल्या साताच्या आकड्यामागे संगीत आहे. ‘ऑप्टिक्स’नंतर वीसेक वर्षांनी लुई कास्तेल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने पट्टी दाबली की रंग दिसेल अशा वाद्याचा ध्यास घेतला. आपल्या षड्जाच्या जागी असलेल्या सुराला त्याने निळा दिला. न्यूटनच्या यादीत पहिला मान लाल रंगाचा होता. सूत्र सर्वांसाठी एकच असतं तर पहिल्याच स्वरावर मतभेद झाला नसता.

हा मतभेद समोरासमोर झाल्याचा एक प्रसंग रखमानिनॉफने आठवणींत सांगितला आहे. पॅरिसमधलं कॅफे द ला पे, आणि एका टेबलाशी तीन रशियन संगीतकार: वयोवृद्ध रिम्स्की-कोर्साकॉफ, तरुण स्क्रियाबिन आणि स्वतः रखमानिनॉफ. पहिले दोघं सुरांना रंग असतात यावर ठाम. रखमानिनॉफला ते पटत नव्हतं, विशेषतः त्या दोघांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत हे ऐकल्यावर. ई-फ्लॅट मेजर ही स्वरपट्टी एकाला निळी, दुसऱ्याला तांबूस जांभळी. डी मेजर मात्र दोघांनाही पिवळी, सोनेरी. आणि मग रिम्स्की-कोर्साकॉफने रखमानिनॉफलाच पकडलं: तुझ्या ऑपेरात कंजूष सरदार सोन्याच्या पेट्या उघडतो तो प्रवेश तू डी मेजरमध्येच का लिहिलास? रखमानिनॉफकडे उत्तर नव्हतं.

मला या गोष्टीत मतभेदापेक्षा ते एकमत जास्त मोलाचं वाटतं, आणि ते कुठून आलं असेल याचा विचार करावासा वाटतो. डी मेजरमध्ये तुताऱ्या खुलतात, व्हायोलिनच्या मोकळ्या तारा घुमतात. युरोपात कितीतरी पिढ्या विजयाचं, वैभवाचं संगीत त्या पट्टीत लिहिलं गेलं. तिघंही त्याच परंपरेत वाढले होते. काही रंग जन्मजात असतात, काही कानावर पडत आलेल्या संगीतातून अंगात मुरतात. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

स्क्रियाबिनने 1910 मध्ये ‘प्रोमिथियस’ पुरं केलं. त्यात मोठा वाद्यवृंद आहे, पियानो आहे, समूहगान आहे आणि स्वरलिपीच्या अगदी वरच्या ओळीत ‘लूचे’, म्हणजे प्रकाशाच्या वाद्यासाठी लिहिलेली वेगळी ओळ. त्याच वर्षी इकडे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक छापलं. तारेची लांबी मोजायची, कंपनांचं गुणोत्तर काढायचं आणि ते प्रत्यक्ष गळ्याशी ताडून पाहायचं, अशी त्यांची रीत. गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्यांच्या श्रुतींच्या आकड्यांवरून पुढे मोठे वाद झाले. तरी देवलांची रीत मला फार जवळची वाटते, कारण आकडा बरोबर की चूक हे ठरवायला त्यांनी खाँसाहेबांना समोर बसवलं.

आता आकृत्यांकडे. रंगापेक्षा आवाजाचा आकार पाहणं जास्त भरवशाचं, कारण तो पदार्थ स्वतःच काढून दाखवतो. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाडनीने 1787 मध्ये पितळी पत्र्यावर वाळू पसरली, कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला आणि वाळूच्या रेषा उमटलेल्या दाखवल्या. 1809 मध्ये पॅरिसला नेपोलियननेही हा प्रयोग पाहिला. हा प्रयोग घरी करता येतो. जुन्या स्पीकरच्या मधोमध बोल्ट बसवून त्यावर पातळ चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घट्ट आवळायचा, वर बारीक रवा भुरभुरायचा आणि मोबाइलवरून एकच सूर सोडून तो सावकाश चढवत न्यायचा. बराच वेळ रवा नुसता थरथरतो. मग एका ठिकाणी, काही कळायच्या आत, तो धावत सुटतो आणि चार रेषांत जाऊन बसतो. सूर किंचित पुढे सरकवला की रेषा विस्कटतात, पुन्हा नुसती थरथर, आणि वरच्या कुठल्याशा सुरावर आधीपेक्षा दाट नक्षी. रवा बसतो तो पत्रा हलत नाही तिथे. जिथे हालचाल आहे तिथून तो उडवला जातो. आता त्याच रव्यात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळली तर पाहण्यासारखा प्रकार होतो. पावडर रव्याच्या बरोबर उलट वागते. जिथे पत्रा सर्वांत जोरात हलतो तिथे तिचे छोटे ढीग होतात आणि ते जागच्या जागी गरगरत राहतात. पत्र्यालगतच्या हवेचे झोत हलक्या पावडरीला तिकडे ओढून नेतात, हे फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलं. एकाच सुराची दोन चित्रं, एकाच वेळी, एकाच पत्र्यावर.

त्याच पत्र्यावर तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावलं तर नक्षी ठरत नाही, हेही सांगायला हवं. पत्रा आपल्या ठरावीक सुरांनाच उत्तर देतो. त्याची जाडी, आकार, तो कुठे आवळला आहे, यांवर नक्षी अवलंबून असते. म्हणून अमुक मंत्राची वारंवारता म्हणजे अमुक यंत्राची आकृती, असे जे व्हिडिओ फिरतात त्यांवर विसंबून कुणी आपलं काम उभं करू नये. पत्रा बदला, आकृती बदलेल.

पत्र्याऐवजी गळ्यातून चित्रं काढणारी एक बाई वेल्समध्ये जन्मली. मार्गारेट वॉट्स ह्यूज हिचं नाव कलेच्या इतिहासात अजून पुरेसं घेतलं जात नाही. ती गायिका. 1885 च्या सुमारास गळ्याचा जोर पारखण्यासाठी तिने एक साधन केलं: तोंडाशी धरायची नळी, नळीच्या टोकाला भांडं, भांड्यावर ताणलेला रबराचा पडदा. पडद्यावर आधी वाळू आणि बारीक भुकटी, मग ओला रंग. ती नळीत एकच सूर धरून गाई आणि रंगाच्या थेंबातून पाकळ्या उमलत. वर काच टेकवून तिने त्या आकृत्या टिपून ठेवल्या. डेझीची फुलं, नेचे, समुद्राच्या तळाशी असाव्यात अशा वनस्पती. सूर हलला की पाकळी फाटे. त्यामुळे चित्र चांगलं येण्यासाठी आधी गळ्यावर हुकमत लागे. तिच्या काचा वेल्समधल्या मर्थिर टिडफिलच्या कवार्थ्वा किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. हातात कुंचला न धरता, केवळ श्वासाच्या शिस्तीवर काढलेली ही चित्रं मला स्क्रियाबिनच्या दिव्यांइतकीच थोर वाटतात.

ताणलेल्या पडद्याचं आपल्याकडचं नातं तबला आणि मृदंगाशी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात आणि पुढे बंगळुरूत या वाद्यांचा अभ्यास केला. 1920 मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये पहिली टिपणी लिहिली. साध्या ताणलेल्या कातड्यातून येणारी वरची कंपनं मूळ सुराशी सरळ पटीत नसतात, म्हणून ढोल वाजतो पण सुरात गात नाही. लोहकीस आणि खळ यांचे थर घोटून पुडीवर शाई चढवली की तिच्या वजनाने ती कंपनं सरळ पटीत येतात. पुडीवर बारीक वाळू टाकून, तिच्या रेषा पाहून रामन यांनी दाखवलं की पडद्याच्या नऊ वेगवेगळ्या थरथरी मिळून पाच सुरेल स्वर तयार होतात. ज्यांनी शाई शोधली त्या कारागिरांकडे ना वाळू होती ना समीकरण. थर द्यायचा, वाजवायचा, ऐकायचा, पुन्हा घोटायचा. मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर आजही तेच करतो: घोडीच्या माथ्यावरून कानस फिरवतो, तारेखाली दोरा सरकवतो, छेडतो. दोरा केसभर पुढेमागे झाला की तारेतून उमलणाऱ्या स्वरांचा पट्टा बदलतो. त्या पट्ट्याचा आलेख आता संगणकाच्या पडद्यावर रंगांत पाहता येतो आणि तो देखणा असतो. पण दोरा कुठे थांबवायचा ते कारागिराचा कानच सांगतो.

सिनेस्थेशियाच्या शास्त्रातही अखेर कसोटी माणसाचीच आहे. फ्रान्सिस गाल्टनने 1880 च्या सुमारास अशा माणसांच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. आजची सर्वमान्य चाचणी अगदी साधी: अक्षरं, आकडे, सूर द्यायचे, प्रत्येकाचा रंग विचारायचा, आणि बऱ्याच काळाने, आधी न सांगता, पुन्हा विचारायचा. कल्पनेने रंग दिलेल्याची उत्तरं विस्कटतात. ज्याला खरंच दिसतात त्याची वर्षानंतरही तीच येतात, छटेसकट. ब्रिटनमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत कुठल्या ना कुठल्या प्रकारचा सिनेस्थेशिया शंभरात चारपेक्षा थोड्या अधिक माणसांत आढळला. सूर ऐकून रंग दिसणारे त्यातले थोडेच. त्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना सूर रंगीत दिसतात आणि ज्यांना अजिबात दिसत नाहीत अशा दोघांनाही सुरांसाठी रंग निवडायला सांगितलं. रंग जुळले नाहीत, पण उजळपणा जुळला. वरच्या सुरांना दोघांनीही फिकट, उजळ रंग दिले आणि खालच्यांना गडद. मेसियाँ सप्तक वर गेल्यावर रंग फिकट होतो म्हणत होता, ते एकट्याचं नव्हतं.

म्हणून या विषयावर काम करू पाहणाऱ्या तरुण चित्रकाराला माझं सांगणं असं की आधी हीच चाचणी स्वतःवर करावी. ओळखीचे पन्नास आवाज घ्यावेत: कुकरची शिट्टी, देवळातली घंटा, तानपुऱ्याचा खर्ज, लोकलचा भोंगा, बहिणीचा आवाज. प्रत्येकासमोर रंग मिसळून एक ठिपका लावावा आणि वही कपाटात टाकावी. सहा महिन्यांनी कोऱ्या वहीत पुन्हा. ठिपके जुळले तर तो त्याचा स्वतःचा वर्णपट, त्यात इतरांसाठी फेरफार करण्याची गरज नाही. जुळले नाहीत तर उजळ आणि गडद, टोकदार आणि गोल, चढता आणि उतरता हे सगळ्यांच्या वाट्याचं सामान त्याच्यापाशी आहेच, आणि ते कमी नाही. दोन्ही बाबतींत नियम एकदा ठरवला की तो कामाच्या शेवटापर्यंत पाळावा लागतो. अहमदनगर आणि विजापूरच्या दरबारी चित्रकारांनी रागमाला रंगवल्या तेव्हा हिंदोलला झोका आणि तोडीला वीणाधारी स्त्री व हरिणं असे संकेत त्यांनी पाळले. प्रतिभा दिसते ती त्या संकेतांच्या आत.

‘प्रोमिथियस’चं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. 1911 मध्ये मॉस्कोला ते दिव्यांशिवाय वाजलं. 20 मार्च 1915 रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रंगीत दिव्यांचं खास यंत्र बसवलं गेलं, पण रंग एका छोट्या पडद्यावर पडले आणि लोकांना त्यांचा संगीताशी मेळ लागला नाही. त्यानंतर पुष्कळांनी त्यावर हवे तसे दिवे नाचवले. स्क्रियाबिनची स्वतःच्या हाताने खुणा केलेली 1913 ची एक प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या खुणांचा अभ्यास करून 2010 मध्ये येल विद्यापीठाच्या वाद्यवृंदासाठी संगीत-अभ्यासक अ‍ॅना गॉबॉय आणि प्रकाशयोजनाकार जस्टिन टाउनसेंड यांनी पूर्ण सभागृह उजळणारा प्रयोग उभा केला. प्रकाशाच्या त्या ओळीत दोन आवाज आहेत. एक चपळ, दर स्वरसमूहाबरोबर रंग बदलणारा. दुसरा इतका संथ की वीसेक मिनिटांच्या रचनेत तो एका सप्तकाच्या मोजक्या पायऱ्या चढतो. निळ्यातून निघतो, मध्यावर लालात येतो आणि पुन्हा निळ्यात पोचतो. लोक बहुधा चपळ रंगाबद्दल बोलतात. मला वाटतं, स्क्रियाबिनला जे सापडलं ते त्या संथ रंगात आहे: तानपुऱ्यासारखा तो मागे धरलेला असतो, आणि पुढचा प्रत्येक चपळ रंग त्याच्याशी असलेल्या नात्याने वेगळा दिसतो.